वीज गेल्यावरचे पहिले काही तास

आमच्याकडून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, एअर बेड, व्हीलचेअर भाड्याने नेणाऱ्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

पूर येवो, वादळ येवो की भूकंप होवो, यंत्राच्या आधाराने राहणाऱ्या माणसाच्या घरात संकट बहुतेक वेळा वीज जाऊनच शिरतं. अशा वेळी आम्हाला फोन येतात आणि प्रश्न एकच असतो, "तुमची गाडी कधी पोचेल?" खरं सांगायचं तर रस्ता बंद असला की आमचीही गाडी अडकते. म्हणून आम्ही येईपर्यंत घरातल्या घरात निभावेल एवढी सोय आधीच करून ठेवा.

ऑक्सिजन

मिनिटाला ५ लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, साधारण ३५० वॅट वीज ओढतो. इन्व्हर्टरला १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-अवर) बॅटरी असेल तर कागदावर पाच तास निघतात. प्रत्यक्षात नवी बॅटरीही साडेतीन-चार तासांत मान टाकते. जुनी असेल, किंवा त्याच लाइनवर पंखे चालू असतील, तर तेवढंही धरून चालू नका.

त्यामुळे सोबत भरलेला सिलिंडर हवाच. तो किती वेळ पुरेल याचा हिशेब सोपा आहे: आतल्या लिटरना दर मिनिटाच्या प्रवाहाने भागायचं. १५०० लिटर गॅस आणि प्रवाह २ लिटर, तर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. गेजचा काटा अर्ध्यावर असेल तर वेळही निम्मा. हा आकडा काढून सिलिंडरवर चिकटवून ठेवा. घाबरून प्रवाह वाढवू नका. डॉक्टरांनी लिहून दिलाय तेवढाच ठेवा.

एका घरी सिलिंडर काठोकाठ भरलेला होता, पण तो उघडायची किल्ली सापडेना. शेवटी ती कपाटावरच्या डब्यात निघाली. किल्ली सिलिंडरच्या मानेलाच दोरीने बांधा, आणि सिलिंडर आडवा पडणार नाही असा भिंतीला जखडून ठेवा. ऑक्सिजनच्या खोलीत मेणबत्ती अजिबात नको, टॉर्च वापरा. जोडांना तेलाचा हातही लागू देऊ नका.

एअर बेड

पडून राहिल्याने अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून पंपाने हवा भरत राहणाऱ्या या गादीकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण पंप बंद पडला तरी गादी लगेच खाली बसत नाही. हवा हळूहळू उतरते आणि माणूस खालच्या कडक पृष्ठभागाला टेकतो. काही गाद्यांना हवा कोंडून ठेवणारं झाकण असतं. तुमच्या गादीला आहे का, ते आमच्या माणसाकडून दाखवून घ्या. नाहीतर तळहात वर करून गादीखाली, बरोबर माकडहाडाच्या जागी सरकवा. मध्ये बोटभर जाडीचीही हवा जाणवत नसेल तर गादीचं काम संपलं. साधी जाड गादी घाला आणि दर दोन तासांनी कूस बदला.

औषधं

फ्रिज उघडला नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. वापरात असलेलं इन्सुलिन सावलीत, ३० अंशांच्या आत, बहुतेक प्रकारांत चार आठवडे चालतं. नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर असते. ते बर्फाला मात्र टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. रोजच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या असू द्या. फिट्सच्या, स्टेरॉइडच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या एकदम बंद पडल्या तर महागात पडतं.

उन्हाळ्यात वीज गेली तर

ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं दगावली, त्यांतली बहुतेक पंचाहत्तरीच्या पुढची होती. वयानुसार तहान कमी लागते, त्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतात. तेव्हा तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी द्या. पाण्यावर मर्यादा असेल तर ती डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. ओल्या कापडाने अंग पुसत राहा.

भूकंप झाला तर

व्हीलचेअरवर असाल तर आधी ब्रेक लावा, मग वाकून डोकं झाका. पलंगावर असाल तर उशी डोक्यावर घेऊन तिथेच थांबा.

घर सोडावं लागलं तर

चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र रात्री एकाच डब्यात, उशाशी. श्रवणयंत्राच्या झिंक-एअर सेलवरचं स्टिकर आधीच काढून ठेवू नका, काढल्या क्षणापासून सेल उतरायला लागतो. औषधांची नावं, प्रमाण आणि ऑक्सिजनचा प्रवाह एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या कपड्याला नाव आणि घरच्यांचा नंबर शिवून टाका. गर्दीत हात सुटायला क्षण पुरतो.

आता एक आग्रहाची विनंती. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, घरात दोन माणसं असताना मेन स्विच बंद करा आणि कॉन्सन्ट्रेटरवरून सिलिंडरवर जाऊन बघा. हे मुलाने किंवा सुनेने न करता, हाताला जमत असेल तर आजी-आजोबांनी स्वतः करावं. वीज जाईल तेव्हा मुलं कामावर असतील. पहिल्या वेळी आमचा माणूस सोबत हवा असेल तर यंत्र पोचवायला येतो तेव्हाच सांगा, त्याचे वेगळे पैसे नाहीत.