विरघळणारा मुलामा आणि हाडाची वाढ: पार्श्वभूमी

टायटॅनियमच्या इम्प्लांटवर (हाडात बसवायच्या भागावर) विरघळणाऱ्या मॅग्नेशियमचा पातळ मुलामा देऊन हाडाची वाढ साधायची, हा इथला विषय. त्याची गोष्ट जुनी आहे. बेल्जियन शल्यविशारद अल्बाँ लांबोत यांनी १९०६ मध्ये पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी बसवली. खिळे मात्र पोलादाचे, वर सोन्याचा मुलामा दिलेले. आठ दिवसांत पट्टीचा चुरा झाला आणि कातडीखाली वायू साचला. दोष एकट्या मॅग्नेशियमचा नव्हता, जोडी चुकली होती. खारट द्रवात दोन धातू एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते आणि त्यातला अधिक क्रियाशील धातू, इथे मॅग्नेशियम, झिजतो. लांबोत यांचे सहायक व्हर्ब्रुग यांनी पुढे पोलाद वगळल्यावर निकाल सुधारले. पण तोवर गंजरोधक पोलादाने मैदान मारलं होतं.

विषय पुन्हा वर आला तो २००५ मध्ये. जर्मनीत विटे आणि सहकाऱ्यांनी गिनी पिगच्या मांडीच्या हाडात चार मॅग्नेशियम मिश्रधातूंच्या काड्या बसवल्या. अठरा आठवड्यांनी त्यांच्याभोवती विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या काडीपेक्षा जास्त नवं हाड दिसलं. कारणाचा एक धागा २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत सापडला: सुटलेले मॅग्नेशियम आयन (विद्युतभारित कण) हाडाच्या आवरणातल्या संवेदी चेतातंतूंना सीजीआरपी नावाचा पेप्टाइड (प्रथिनासारखा छोटा रेणू) सोडायला लावतात, आणि त्याने आवरणातल्या मूळपेशी हाड घडवू लागतात.

मग साहजिक विचार आला: भार टायटॅनियमने पेलावा, आयन पातळ थराने पुरवावेत. निर्वात कक्षात मॅग्नेशियमची वाफ टायटॅनियमवर बसवता येते. गणित सोपं आहे. दहा मायक्रोमीटर जाडीच्या थरात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.७ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. ते पाण्याशी अभिक्रिया होऊन पूर्ण विरघळलं की शरीराच्या तापमानाला सुमारे १.८ मिलिलिटर हायड्रोजन निघतो. हे काही आठवड्यांत पसरलं तर ऊती तो वायू शोषून घेतात. दोन-तीन दिवसांत निघाला तर बुडबुडे हाड आणि इम्प्लांट यांच्यामध्ये पाचर ठोकतात, भोवतीचा द्रव अल्कधर्मी होतो, आणि आयन अति झाले तर उलट हाडात खनिज बसण्यातच अडथळा येतो.

इथेच लांबोत यांची जुनी चूक परत भेटते. स्क्रू पिळताना आट्यांच्या कडांवर मुलामा खरवडतो, टायटॅनियम उघडं पडतं, आणि तीच बॅटरी पुन्हा सुरू होते. उघडा भाग मोठा आणि उरलेलं मॅग्नेशियम थोडं असेल तर झीज झपाट्याने होते. मॅग्नेशियममध्ये अशुद्धी म्हणून राहिलेला लोह, निकेल, तांबं यांचा अंशही हेच करतो. ढोबळ मर्यादा सांगायची तर लोह दशलक्षात १७० भागांच्या वर नको.

निर्जंतुकीकरणासाठी वाफेचा ऑटोक्लेव्ह चालत नाही, कारण मुलामा तिथेच पाण्याशी अभिक्रिया करतो. म्हणून गॅमा किरण आणि कोरडं, हवाबंद वेष्टन. नुसत्या मिठाच्या पाण्यातली चाचणीही फसवते. रक्तद्रवातली बायकार्बोनेट, फॉस्फेट आणि प्रथिनं तिथे नसतात, त्यामुळे झिजेचा वेग सहसा शरीरातल्यापेक्षा बराच जास्त दिसतो, आणि कामाचा मुलामा टेबलावरच नापास होतो.