बर्फाचे पापुद्रे आणि भीमसेनी कापूर

चिनी औषधांच्या दुकानात ‘बिंगप्येन’ मागितलं, तर पुडीत पांढरे, अर्धपारदर्शक पापुद्रे मिळतात. शब्दाचा अर्थही तोच, बर्फाचे पापुद्रे. चिमटीत चुरडले की आधी कापराचा वास येतो आणि मागून लाकडी, जरासा मिरमिरीत दर्प. चिनी वैद्यकानं याची चव तिखट-कडू आणि गुण किंचित थंड ठरवलाय. हा वास ज्या रेणूचा आहे, त्याचं नाव बोर्निऑल. आपल्या आजीच्या बटव्यात तो भीमसेनी कापूर या नावानं असायचा.

गंमत म्हणजे हे ‘चिनी’ औषध मुळात चीनचं नाहीच. सुमात्रा, मलाया आणि बोर्निओच्या जंगलांत ड्रायोबॅलॅनॉप्स नावाचे प्रचंड उंच वृक्ष वाढतात. त्यांच्या खोडातल्या भेगांमध्ये हे स्फटिक साठतात. ते आहेत की नाहीत, हे झाड पाडून चिरल्याशिवाय कळत नसे आणि पुष्कळ झाडं रिकामीच निघत. मलायातले कापूर शोधणारे लोक तर जंगलात असताना नेहमीची भाषा टाळून एक खास ‘कापूरभाषा’ बोलत. नेहमीचे शब्द उच्चारले तर कापूर हाती लागत नाही, अशी समजूत होती.

सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बारूस हे या मालाचं जुनं बंदर. तिथल्या १०८८ सालच्या तमिळ शिलालेखावरून भारतीय व्यापाऱ्यांची श्रेणी तिथे ठाण मांडून होती, हे दिसतं. चीनमध्ये तांग राजवटीतल्या ६५९ सालच्या सरकारी औषधिग्रंथात हा पदार्थ ‘लोंगनाव’ म्हणजे ड्रॅगनचा मेंदू या नावानं नोंदलेला आहे. इतक्या दुरून येणाऱ्या वस्तूला नावही तसंच भारदस्त! सम्राट श्वानझोंगनं नजराण्यात आलेला असा कापूर लाडक्या यांग ग्वेफेईला दिला आणि तिचा सुगंध दहा पावलांवरून येई, अशी आख्यायिका आहे.

आपल्याकडच्या निघंटूंनीही, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधिकोशांनीही, कापराची प्रतवारी केली. भावप्रकाशात ‘पक्व’ आणि ‘अपक्व’ असे दोन प्रकार आहेत आणि अपक्व अधिक गुणकारी मानलाय. शिवाय ‘चीनाक’ कापूर वेगळा सांगितलाय. म्हणजे चीन बारूसचा कापूर विकत घेत होता आणि आपण चीनच्या नावाचा कापूर वेगळ्या खणात ठेवत होतो.

बोर्निऑल आणि साधा कापूर या दोन्हींतला फरक रसायनशास्त्रात फार बारीक आहे: बोर्निऑलमधून हायड्रोजनचे दोन अणू काढले की साधा कापूर उरतो. फ्रेंच रसायनज्ञ पेलूझनं १८४० मध्ये नायट्रिक आम्ल वापरून हे करून दाखवलं. घरच्या घरी ओळखायचं तर पाण्याची वाटी घ्या. साधा कापूर पाण्यापेक्षा किंचित हलका असल्यानं तरंगतो, बोर्निऑल किंचित जड असल्यानं बुडतं. मात्र तुकड्यात हवा अडकली असेल तर ही परीक्षा फसते. आज पूजेच्या सामानात ‘भीमसेनी’ म्हणून मिळणारा बराचसा माल साधा कापूरच असतो. कापरासारखा उडून जाणं म्हणतात ते याचंच. बोर्निऑल तितक्या घाईनं उडत नाही.

चिनी औषधांत याची मात्रा अगदी चिमूटभर, साधारण ०.१५ ते ०.३ ग्रॅम, तीही गोळी किंवा चूर्णातून. काढ्यात उकळलं तर वाफेबरोबर निघूनच जाईल. ‘बंद द्वारं उघडणारं’ म्हणून ते शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या औषधांत पडतं. मेंदूभोवतालच्या रक्त-अडसरातून इतर औषधं आत न्यायला ते मदत करतं का, यावर आता प्रयोगशाळांत काम चालतं.

रानातला माल दुर्मीळ झाला तसं टर्पेंटाइनपासून कृत्रिम बोर्निऑल आलं. त्यात आयसोबोर्निऑलही मिसळलेलं असतं आणि उजव्या-डाव्या रचनेचे, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे, रेणू एकत्र असतात. नैसर्गिक, फक्त उजव्या रचनेचं बोर्निऑल हवं म्हणून शोध चालूच राहिला. १९८० च्या दशकात हुनान आणि जिआंग्शीत काही झाडं सापडली, ज्यांच्या पानांत तेच भरपूर होतं. ही झाडं साधा कापूर देणाऱ्या झाडाच्याच जातीची निघाली.