‘जादू’मधला ‘द’ काय सांगतो?

‘अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि.’ मी यातुधान असेन तर मला आजच मरण येवो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या 104व्या सूक्तात ही शपथ आहे, आणि परंपरा ती वसिष्ठांच्या तोंडी घालते. ती घेणाऱ्यावर कुणीतरी आळ घेतलेला आहे. त्याच ऋचेत तो पुढे म्हणतो, जो मला खोटंच यातुधान म्हणतो, तो आपल्या दहा पुत्रांना मुको. ‘यातु’ म्हणजे मंत्रतंत्राने दुसऱ्याला केलेला अपाय, आणि ‘यातुधान’ म्हणजे तो करणारा. आपला रोजच्या बोलण्यातला ‘जादू’ हा शब्द मुळात हाच यातु आहे. फक्त तो वेदांपासून सरळ आपल्यापर्यंत आलेला नाही, इराणमार्गे आला आहे.

हे ठरवायचं कशावरून? ध्वनी कसे बदलतात, त्याचे नियम असतात. संस्कृत आणि जुन्या इराणी भाषा या बहिणी. पारशी धर्मग्रंथ अवेस्तातही ‘यातु’ आहे आणि तिथेही तो वाईटच अर्थाने येतो. पुढे फारसीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘य’चा ‘ज’ झाला आणि दोन स्वरांमधल्या ‘त’चा ‘द’. संस्कृत ‘युवन्’च्या जोडीला फारसीत ‘जवान’ आहे, ‘मातृ’च्या जोडीला ‘मादर’. त्याच वाटेने ‘यातु’चा ‘जादू’ झाला.

यावर कुणी म्हणेल, ‘य’चा ‘ज’ तर मराठीतही होतो, योगीचा जोगी होतोच की! बरोबर आहे. म्हणून इथे ‘ज’ची साक्ष चालत नाही, ‘द’ची चालते. प्राकृतातून मराठीत येताना असा मधला ‘त’ गळून पडतो: घातचा घाव होतो, भ्राताचा भाऊ. मला सगळ्यात आवडतो तो पुरावा मात्र थेट घरातला आहे. दिराच्या बायकोला संस्कृतात ‘यातृ’ म्हणत. यातृ आणि यातु, उच्चाराला जवळजवळ सारखेच शब्द. त्यातली यातृ प्राकृताच्या वाटेने आली आणि ‘जाऊ’ झाली. यातुही त्याच वाटेने आला असता, तर त्याचंही रूप ‘जाऊ’सारखंच झालं असतं. त्याच्यात ‘द’ उरला, कारण तो फारसीतून आला.

‘करणी’ची गोष्ट वेगळी, तिचा धातू घरचाच: ‘कृ’, म्हणजे करणे. अथर्ववेदात याच धातूपासून झालेली ‘कृत्या’ आहे. दहाव्या कांडाचं पहिलंच सूक्त तिला परतवून लावण्यासाठी आहे. लग्नातल्या नवरीसारखी सजवलेली, हाताने घडवलेली, डोकं, नाक, कान असलेली ही बाहुली. गावाकडे आजही कुणाच्या दारात टाचण्या टोचलेली बाहुली सापडली की ‘करणी केली’ असंच म्हणतात. काय केलं ते उच्चारायचं नाही, नुसतं ‘केलं’ म्हणायचं. भीतीपोटी नाव टाळण्याची ही सवय फार जुनी आहे. ‘चेटूक’चा संबंध ‘चेटक’ म्हणजे नोकर या संस्कृत शब्दाशी लावतात. सांगितलेलं काम करणारं भूत ते चेटूक.

बाहुलीने कुणाचं काही बिघडत नाही. माणसं उद्ध्वस्त होतात ती या शब्दांनी केलेल्या आरोपाने. ‘चेटकीण’ म्हटल्यावर त्या बाईला पाणवठ्यावर कुणी उभं करत नाही, प्रसंगी तिचा जीवही जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, तो महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झाला. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांची हत्या झाली होती. अमुक माणूस करणी करतो असं जाहीर करून त्याचं जगणं कठीण करणं, किंवा जारणमारण, करणी, चेटूक यांच्या नावाखाली कुणाला मारहाण करणं, धिंड काढणं, हे या कायद्याने गुन्हे आहेत. त्याच्या इंग्रजी पाठातही ‘करणी’ आणि ‘चेटूक’ हे शब्द भाषांतर न करता तसेच ठेवले आहेत.