उन्हामुळे नव्हे, उसामुळे

'गोऱ्यांना कॅरिबियन बेटांवरचं ऊन सोसत नव्हतं, आफ्रिकी लोक काटक, म्हणून गुलामांचा व्यापार फोफावला,' हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

बार्बाडोस बेट बघा. इंग्रजांनी 1627 मध्ये तिथे वस्ती केली. सुरुवातीला तंबाखू आणि कापसाच्या शेतात राबले ते मुख्यतः इंग्लंड-आयर्लंडमधले गरीब, ठरावीक वर्षांच्या कराराने बांधलेले गोरे मजूर. त्याच उन्हात!

चित्र पालटलं ते 1640 च्या दशकात ऊस आल्यावर. तोडलेला ऊस फार काळ ठेवता येत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस चालायचा. झोपेने पेंगणाऱ्या माणसाचा हात रुळांत अडकला तर तो तोडून काढायला शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे. अशा कामाला खुशीने कोण येणार? कराराचा मजूर मुदत संपली की सुटायचा, जमीन मागायचा. विकत घेतलेला माणूस मात्र जन्मभराचा, त्याची मुलंसुद्धा मालकाचीच. मळेवाल्यांनी हा हिशेब केला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकणारे राजे आणि दलाल होतेच.

कातडीच्या रंगाचं तत्त्वज्ञान या नफ्याच्या आधाराने पक्कं होत गेलं. आफ्रिकी माणसाला रानटी ठरवणारा बार्बाडोसचा गुलाम कायदा 1661 चा, म्हणजे उसाचे मळे उभे राहिल्यानंतरचा. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांत कोंबलेल्या सुमारे सव्वा कोटी माणसांपैकी अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली.