भिरंडेलाचा गोळा

मे महिन्यात गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरात नारळाचं तेल पाण्यासारखं पातळ झालेलं असतं. त्याच फळीवर भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तुपाचा, पिवळट गोळा मात्र दगडासारखा घट्ट. नखाने खरवडलं तर मेणासारखी पापडी निघते. आजी ही पापडी पळीत वितळवायची आणि कोमट झाली की थेंब थेंब टाचेच्या भेगेत सोडायची. आता तोच गोळा 'कोकम बटर' होऊन चिमुकल्या डबीत येतो आणि लेबलावर सुरकुत्यांपासून मुरुमांपर्यंत सगळ्यांवर इलाज असतो.

भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली मीठ लावून वाळवल्या की सोलं (आमसुलं) होतात. मागे उरलेल्या बियांचं हे तूप. बिया उन्हात वाळवून फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा, वर आलेला तवंग काढून घ्यायचा आणि निवत आला की मुठीत वळायचा. कोकणात याला मुठेल म्हणतात ते त्यामुळेच. इंग्रजी व्यापारात तर एके काळी याचं नावच 'गोवा बटर' होतं. फळाची लेखी नोंद त्याहून कितीतरी जुनी: गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात 'ब्रिंदोंइश' म्हणून याच भिरंडांबद्दल लिहिलं आहे.

या तुपाचा सगळा गुण त्याच्या घट्टपणात आहे. नारळाच्या तेलातल्या स्निग्धाम्लांपैकी (फॅटी ॲसिडपैकी) जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल, म्हणजे 12 कार्बनची आखूड साखळी. नारळाचं तेल 24 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. भिरंडेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल आहे, 18 कार्बनची लांब आणि सरळ साखळी. उरलेलं बहुतेक ओलिक आम्ल. त्याची साखळी मध्येच वाकलेली असते. भिरंडेलाच्या बहुतेक रेणूंमध्ये दोन कडांना स्टिअरिक आणि मधोमध ओलिक अशी एकच ठेवण असते, म्हणून ते एकावर एक नीट रचले जातात. कोको बटरच्या चुलत घराण्यातली ही ठेवण; युरोपात चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी मोजक्या प्रमाणात वापरायला परवानगी असलेल्या 6 वनस्पती स्निग्धांत कोकम आहे ते उगीच नाही. भिरंडेल वितळायला 38 ते 42 अंश लागतात. आपली त्वचा असते 32-34 अंशांवर. म्हणून ते चोळलं की मऊ होतं, पण तेलासारखं ओघळत नाही, जागेवर बसून राहतं.

त्वचेचा वरचा थर म्हणजे चिऱ्यांची भिंत समजा. मृत पेशी हे चिरे, आणि सेरामाइड (त्वचेतलाच एक स्निग्ध पदार्थ), कोलेस्टेरॉल व स्निग्धाम्लं हा सांध्यातला चुना. चुना झडला की आतलं पाणी उडून जातं. तळपायाला तर तेलग्रंथीच नसतात, त्यात टाचेची कातडी जाड. सुकली की ताठ होते आणि चालताना फाटते. भिरंडेल सांध्यांवरून गिलावा करतं, पाणी उडू देत नाही. स्वतः मात्र ते पाण्याचा थेंबही देत नाही. त्यामुळे पाय धुऊन, अर्धवट टिपून, ओलसर टाचेवर वाटाण्याएवढं लावायचं आणि वर मोजा चढवायचा. कोरड्या ठणठणीत टाचेला रात्रभर फासून फारसा उपयोग होत नाही.

लेबलावरच्या बाकीच्या गोष्टींचं काय? कोकमाचे जे औषधी गुण सांगतात त्यातलं गार्सिनॉल हे द्रव्य आणि तो लालभडक रंग सालीत असतो. बियांच्या तुपात त्यांचं नाव घेऊन भाव वाढवणं मला पटत नाही. ऊन अडवण्यासाठीही याच्यावर विसंबू नका.

आणि पावसात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर तिथे हे अजिबात नको. तिथे ओल आधीच जास्त असते. वरून झाकण घातलं की बुरशीचं फावतं. माझ्या काकीने एका श्रावणात टाचेसोबत बेचक्याही चोपडल्या आणि आठ दिवस चप्पल घालायची पंचाईत झाली. मधुमेह असेल आणि भेगेतून रक्त येत असेल तर थेट डॉक्टर.

डबी उन्हात विसरली आणि नंतर तूप रवाळ झालं, तर ते बिघडलेलं नसतं. सावकाश थिजताना मोठे स्फटिक बनतात, इतकंच. पूर्ण वितळवून लगेच फ्रीजमध्ये ठेवा, परत गुळगुळीत होईल. खवट वास आला तर मात्र टाकून द्या.