गाव सोडलं कुणी? गडी 'कामाला', बाई 'लग्न होऊन'

स्थलांतर म्हटलं की ट्रंक घेऊन मुंबईला निघालेला गडीच डोळ्यासमोर येतो, बाई काही येत नाही. पण आकडे काढले की सगळं उलटं दिसतं. केंद्र सरकारच्या २०२०-२१च्या श्रमबल पाहणीत (पीएलएफएस) देशातल्या बायकांपैकी ४७.९ टक्के स्थलांतरित निघाल्या आणि पुरुष फक्त १०.७ टक्के. एवढ्या बायका गेल्या कुठं, तर सासरी. त्यातल्या ८६.८ टक्के जणींच्या नावापुढं कारण 'लग्न' असं लागलंय, म्हणजे विषय तिथंच संपला, पुढं कुणी काही विचारत नाही. मला वाटतं खरी गंमत त्या कारणाच्या रकान्यातच आहे, त्यात काय भरायचं हे फार आधीपासून ठरलेलं आहे.

आपल्याकडे ही गोष्ट कोकणापासून सुरू करावी लागते. १८५४ला मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभं राहिलं. तिकडे रत्नागिरीत डोंगरउताराची जमीन, पावसाळ्यातलं भाताचं एकच पीक, जोडीला वरकसावर, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत, नाचणी-वरी, आणि वर खोताचं, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावच्या वतनदाराचं, देणं (खोती कायद्यानं गेली ती १९४९च्या कायद्यानं, म्हणजे तोवर दोन-तीन पिढ्या मुंबईला लागलेल्या होत्या). रोख पैसा गावात नव्हताच, मग गडी बोटीत बसले. पुढं सातारा-सांगली-कोल्हापूरचे घाटी लोकही आले.

बायको गावाला का राहिली, याचं 'आपली संस्कृती' असं उत्तर देणारे बरेच भेटतात. अहो, खोली कुठं होती? एका गाळ्यात गावचेच पंधरा-वीस गडी, पाळीप्रमाणे झोपायचे, एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा. त्यात जमीन कसायला कुणीतरी हवंच, नाहीतर कूळ म्हणून हातात होती तीही जायची. आणि मुद्द्याची गोष्ट म्हणजे गिरणीच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड करणं परवडायचंच नाही, गावाकडं बाई भात लावून म्हातारीकोतारी आणि पोरं पोसत होती म्हणून तर मालकाला तेवढ्या पगारावर गडी मिळत होता. तिच्या राबण्यावर गिरणी चालली पण तिचं नाव कुठल्याच मस्टरवर नाही.

माझी पणजी त्यातलीच, संगमेश्वरकडची. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की अंगठा द्यायची, आणि फॉर्मच्या खालच्या कुपनावर नवऱ्यानं खरडलेल्या दोन ओळी त्याच्याकडूनच वाचून घ्यायची. त्यामुळे नवरा-बायकोचं जे काय बोलणं व्हायचं ते पोस्टमनला पाठ. नवरा घरी यायचा शिमग्याला नाहीतर गणपतीला.

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत आणि राज्यात ९२९. हे वाचून 'कोकणात मुलींचं किती कौतुक' वगैरे पोस्टी फिरतात. गडी मुंबई-ठाण्यात मोजले गेलेत, एवढंच आहे ते.

बायका मुंबईला आल्याच नाहीत असंही नाही. १९२०च्या दशकात गिरण्यांत साधारण पाचात एक कामगार बाई होती, जास्त करून वाइंडिंग (सूत गुंडाळायच्या) आणि रिळाच्या खात्यात, त्यातही विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, गावात आधार न उरलेल्या बऱ्याच. पुढं मशिनं बदलली, तिन्ही पाळ्या सुरू झाल्या, बायकांना रात्रपाळी कायद्यानं आधीपासूनच बंद होती, १९४८च्या फॅक्टरी कायद्यातही ती बंदी राहिली, आणि मालकांनी हळूहळू त्यांची भरतीच थांबवली. मग राहिल्या खाणावळी, म्हणजे घरी रांधून गिरणीतल्या गड्यांना जेवू घालायचं. १९७५ला प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या तेव्हा कितीतरी घरं अशाच डब्यांवर आणि धुण्याभांड्यावर चालली.

मराठवाड्याची तऱ्हा वेगळी, तिथं बाई मागं राहतच नाही. प्रवरानगरला १९५०ला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मागोमाग पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले, ऊसतोडीला माणूस लागलं, आणि १९७२च्या दुष्काळानं बीड-पाथर्डीकडचा माणूस आणखीच रेटला. दसरा-दिवाळीला गाव सोडायचं ते उन्हाळा लागल्यावर परत. मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे जोडपं. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. तो तोडतो, ती पाचट सोलते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं गाडीत चढवते. त्याआधी पहाटे कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, उठून भाकरी, पाणी, पोरं, ते वेगळंच. एवढं करून उचलीचा व्यवहार नवऱ्याच्या नावावर. एक दिवस पडून राहिलं की खाड्याचे पैसे कापले जातात, त्यामुळे पाळीचा त्रास, अंगावरचं दुखणं सगळं ओढत न्यायचं. २०१९ला सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं बीडमधल्या ८२,३०९ बायकांची पाहणी आली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. आणि कोयता जोडीनंच धरायचा म्हणून पोरांची लग्नंही लवकर उरकतात, म्हणजे इथं लग्न हीच कामाची भरती झाली, पण रकान्यात लिहिणार 'लग्न'.

गेल्या वीसेक वर्षांत याला वेगळाच फाटा फुटलाय. शेतकरी नवरा नको, पुण्याला फ्लॅट आणि नोकरी असलेला हवा, असं मुली आणि मुलींच्या आयाही सरळ सांगतात. ज्या आयांनी जन्मभर शेण काढलं त्यांनी का नाही सांगायचं? डिसेंबर २०२२ला सोलापुरात मुंडावळ्या बांधून पोरांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता, मुली मिळत नाहीत म्हणून. लोक हसले, पण गावोगावी पस्तिशीतले बिनलग्नाचे पोरगे आहेत हे खरंय (मुली जन्मूच दिल्या नाहीत तोही हिशेब त्यात आला).

माझ्या मामेबहिणीनं तर आधी डिप्लोमा केला, चाकणला कंपनीत लागायचं डोक्यात ठेवूनच भोसरीचं स्थळ पसंत केलं, आणि लग्नानंतर महिन्याभरात फर्स्ट शिफ्टला जायला लागली. जनगणनावाले आले तर दार सासू उघडणार, आणि कारण सांगणार, लग्न होऊन आली.