क्लाऊनफिशचा कुलवृत्तान्त

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास किंवा कुर्ल्यात शोभेच्या माशांची जी दुकानं आहेत, तिथे खाऱ्या पाण्याच्या टाक्या वेगळ्या मांडलेल्या असतात. एका टाकीत केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला 'निमो', शेजारी गर्द निळा 'डॅमसेल', पलीकडे हिरवट झाक मारणारा 'क्रोमिस' आणि काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला 'डोमिनो'. गिऱ्हाइकाला हे चार वेगळे मासे वाटतात, आणि रंग पाहता तसं वाटणं साहजिकच आहे. पण हे चौघेही एकाच कुलातले आहेत. त्या कुलाचं नाव पोमासेंट्रिडी, आणि त्यातल्या माशांना सरसकट डॅमसेलच म्हणतात. चारशेहून अधिक जाती असलेलं हे मोठं कुल मुख्यतः उष्ण समुद्रांतल्या प्रवाळांभोवती आणि खडकाळ किनाऱ्यांवर राहतं. क्लाऊनफिशच्या जाती त्यात जेमतेम तीसेक. म्हणजे क्लाऊनफिश हा समुद्रपुष्पाच्या, अर्थात सी-ॲनिमोनच्या, आसऱ्याला गेलेला एक डॅमसेलच.

हे आज एका वाक्यात सांगता येतं. तिथवर पोचायला मात्र अडीचशे वर्षं लागली, आणि या सगळ्या काळात अभ्यासकांची सर्वाधिक दिशाभूल केली ती या माशांच्या रंगांनी.

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणती 1758 पासून होते. त्या वर्षी आलेली स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याच्या वर्गीकरणावरच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती हा आरंभबिंदू मानतात. लिनियसपुढे एक क्लाऊनफिश होता. त्याने तो पर्च माशांच्या 'पर्का' या प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) टाकला आणि नाव दिलं पर्का पॉलिम्ना. बर्लिनचा डॉक्टर मार्कुस ब्लॉख याने 1790 मध्ये दुसरा एक क्लाऊनफिश फुलपाखरू माशांच्या 'कीटोडॉन'मध्ये घातला. 1802 मध्ये फ्रान्सच्या लासेपेदने तिसऱ्याला नाव दिलं लुटजानस पर्क्युला. लुटजानस म्हणजे आपल्या तांबोशीची प्रजाती! मुंबईच्या बाजारात तुकड्यावर विकली जाणारी तांबोशी आणि बोटाएवढा क्लाऊनफिश एकाच प्रजातीत, हे आज अशक्य वाटतं. पण या मंडळींकडे दारूत बुडवलेले, रंग उडालेले नमुने येत, नाहीतर नुसती चित्रं. पाठीवर काटेरी पर आहे, खवले अमुक तऱ्हेचे आहेत, तेव्हा अमुक प्रजाती, इतकंच त्यांना करता येत होतं.

क्लाऊनफिशला स्वतःची प्रजाती मिळाली 1801 मध्ये. ब्लॉखचं निधन झाल्यावर त्याचं अपुरं काम श्नायडरने पुरं केलं, त्यात 'अँफिप्रिऑन' हे नाव आलं. मग इतर प्रजातींत विखुरलेले क्लाऊनफिश एकेक करून तिथे आले. या स्थलांतराची खूण नावात राहते. शास्त्रीय नावाच्या शेवटी नाव देणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष लिहितात. ते कंसात असेल तर समजायचं की ही जाती आधी दुसऱ्या प्रजातीत होती. अँफिप्रिऑन पर्क्युला (लासेपेद, 1802) मधला कंस म्हणजे तांबोशीच्या प्रजातीत काढलेल्या दिवसांची नोंद. अँफिप्रिऑन ओसेलॅरिस कुव्हिए, 1830 याला कंस नाही, कारण फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिएने तो पहिल्यापासून योग्य जागी ठेवला होता. प्रजाती बदलली की जातिनामाचा शेवटही व्याकरणाप्रमाणे बदलू शकतो, म्हणून लिनियसचा पॉलिम्ना आता अँफिप्रिऑन पॉलिम्नस आहे.

पर्क्युला आणि ओसेलॅरिस ही जोडी जरा जवळून बघण्यासारखी आहे, कारण दुकानात दोघांनाही 'निमो'च म्हणतात. दोघेही केशरी, दोघांनाही तीन पांढरे पट्टे. पर्क्युलाच्या पट्ट्यांना सहसा जाड काळी किनार असते, ओसेलॅरिसला बारीक, कधी अजिबात नसते. पण किनारीवर विसंबू नये. पाठीच्या परातले कडक काटे मोजावेत. ओसेलॅरिसला बहुधा अकरा असतात, पर्क्युलाला दहा. टाकीतला मासा पर फुलवून स्थिर राहिला तर चांगल्या फोटोत ते मोजता येतात. शिवाय दोघांचे समुद्रही वेगळे. ओसेलॅरिस आपल्या अंदमानपासून आग्नेय आशिया ओलांडून जपानच्या दक्षिण बेटांपर्यंत आहे. पर्क्युला न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाकडचा. मासा कुठे पकडला हे कळलं तर निम्मं ओळखणं तिथेच होतं. दुकानापर्यंत येताना नेमकी तीच माहिती गळून पडते.

जाती ओळखणं एक आणि कुलाचे नातलग शोधणं दुसरं. मला या विषयातला सर्वांत समृद्ध भाग हाच वाटतो. डॅमसेलचा घसा उघडून पाहिला तर तोंडातल्या जबड्याच्या मागे, कल्ल्यांच्या कमानींपाशी, आणखी एक जबडा सापडतो. कमानींची शेवटची खालची हाडं, डावी आणि उजवी, जुळून त्यांचं एकच हाड झालेलं असतं. त्यावर बारीक दात असतात आणि कवटीपासून आलेले स्नायू ते वर उचलून धरतात. पुढच्या तोंडाने घास पकडायचा आणि घशातल्या जबड्याने भरडायचा, अशी विभागणी. असाच घसा चिलापीच्या, म्हणजे तिलापियाच्या, सिक्लिड कुलात आहे आणि पोपट माशांतही आहे. इतकी गुंतागुंतीची रचना एकदाच उत्क्रांत झाली असणार, असा तर्क करून 1982 मध्ये कॉफमन आणि लिएम या शास्त्रज्ञांनी डॅमसेलना सिक्लिड आणि पोपट माशांच्या गटात बसवलं. तर्क भक्कम होता. बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत तो तसाच राहिला.

डीएनएने तो मोडला. 2012 मध्ये वेनराइट आणि सहकाऱ्यांनी पुष्कळ माशांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. घशातला तो जबडा एकदा नव्हे, वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे अनेकदा तयार झाला होता. पोपट मासे दूरचे निघाले. सिक्लिड जवळचेच राहिले, आणि त्यांच्यासोबत अनपेक्षित मंडळी आली: बोई (मलेट), टोळ (नीडलफिश), उडते मासे. या मोठ्या समूहाला ओव्हॅलेंटॅरिया म्हणतात. त्यातल्या पुष्कळ माशांची अंडी चिकट असतात, त्यावरून हे नाव.

क्लाऊनफिशच्या अंड्यात हे नीट दिसतं. समुद्रपुष्पाच्या बुडाशी असलेला खडक जोडी तोंडाने घासून साफ करते आणि मादी त्यावर लांबट केशरी अंडी एकाला एक लागून लावते. प्रत्येक अंड्याच्या एका टोकाला बारीक तंतूंचा झुपका असतो, तो खडकाला धरून ठेवतो. बाकीचं अंडं पाण्यात डुलत राहतं. नर परांनी वारा घालावा तसं पाणी हलवत राहतो आणि मेलेली अंडी उचलून काढतो. आठवड्याभरात अंड्यांत डोळे चमकू लागतात आणि अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात. टोळाच्या अंड्यांनाही असेच चिवट तंतू असतात. बोईची अंडी मात्र पाण्यावर तरंगतात, म्हणजे त्या शाखेत हे वैशिष्ट्य पुढे गळून पडलं. बाह्य लक्षणावरून नातं ठरवताना असे खड्डे लागतातच, म्हणून आता हाडं, अंडी आणि जनुकं तिन्ही समोर ठेवून निर्णय होतो. तर 1802 मध्ये तांबोशीच्या प्रजातीत बसवलेल्या या माशाचे खरे जवळचे नातलग बाजारात शेजारच्या टोपलीत होते, बोई आणि टोळ.

कुलाच्या आतही उलथापालथ झाली. क्लाऊनफिशना पूर्वी स्वतंत्र उपकुलाचा मान होता. जनुकांवरून दिसलं की ते पोमासेंट्रिनी या मोठ्या उपकुलाच्या आतलीच एक फांदी आहेत. 'मरून' (गडद तांबड्या) क्लाऊनची हकिगत तर आणखी बोलकी आहे. या माशाच्या गालावर, डोळ्याखाली, लांब काटा असतो, बाकी क्लाऊनफिशना तसा नसतो. ब्लॉखने 1790 मध्ये कीटोडॉनमध्ये घातलेला तो हाच. कुव्हिएने 1816 मध्ये या काट्यासाठी 'प्रेम्नास' ही वेगळी प्रजाती काढली आणि ती दोनशे वर्षं टिकली. जनुकं तपासल्यावर मरून क्लाऊन पर्क्युला-ओसेलॅरिस जोडीचा सर्वांत जवळचा निघाला. मग त्याला वेगळं ठेवायचं तर त्या दोघांनाही अँफिप्रिऑनमधून काढावं लागलं असतं. 2021 मध्ये टँग आणि सहकाऱ्यांनी डॅमसेलच्या वर्गीकरणाची फेरमांडणी करताना प्रेम्नास अँफिप्रिऑनमध्ये विलीन केलं. दोन नावांपैकी कोणतं ठेवायचं यावर वाद नको, जुनं नाव राहतं: 1801 आधी, 1816 नंतर. आता तो अँफिप्रिऑन बायॲक्युलिएटस. दुकानांच्या यादीत अजून प्रेम्नास दिसतं, ते चूक म्हणण्यापेक्षा जुनं म्हणावं.

कधी नाव दिलेली जातीच मुळात नसते. पापुआ न्यू गिनीच्या समुद्रातल्या, डोक्यावर पांढरी टोपी असलेल्या क्लाऊनफिशला मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड ॲलन यांनी 1973 मध्ये अँफिप्रिऑन ल्युकोक्रेनॉस असं नाव दिलं. तो दिसायला स्पष्टपणे वेगळा आहे. पण 2015 मध्ये जनुकीय अभ्यासातून कळलं की हा क्रिसॉप्टेरस आणि सँडॅरॅसिनस या दोन जातींचा संकर आहे, आणि असे संकर तिथे वारंवार होतात.

ही छाननी केवळ संग्रहालयाच्या बरण्यांसाठी नाही. आपल्याकडे अंदमान आणि मन्नारच्या आखाताकडे अँफिप्रिऑन सेबी सापडतो. व्यापारात 'सेबी' म्हणून जे विकलं जातं ते पुष्कळदा अँफिप्रिऑन क्लार्की असतं. सेबीचा मधला पांढरा पट्टा मागे झुकत पाठीच्या परात चढतो आणि शेपटीच्या मुळाशी पट्टा नसतो. क्लार्कीला तिथे तिसरा पट्टा असतो. क्लार्कीला आसरा देणाऱ्या समुद्रपुष्पांच्या दहाही जाती चालतात, सेबी निवडक. एकाच नावाने दोघांचा व्यापार झाला तर कोणत्या जातीचे मासे समुद्रातून उपसले गेले हे कागदावर कधीच कळत नाही. म्हणूनच ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशनने उभारलेली क्लाऊनफिशची हॅचरी मला मोलाची वाटते. टाकीत जन्मलेल्या पिल्लाचे आईबाप कोणत्या जातीचे, हे तिथे नोंदवता येतं. व्यापारातली 'स्नोफ्लेक', 'प्लॅटिनम' ही नावं मात्र जातींची नव्हेत. ती निवडून पैदास केलेल्या रंगांची आहेत आणि शास्त्रीय नाव त्यामुळे बदलत नाही.

आपल्या बाजूच्या अरबी समुद्रातही या कुलाचं वास्तव्य आहे. 1870 च्या दशकात भारतातल्या माशांवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या फ्रान्सिस डे यांनी 1873 मध्ये सिंधच्या किनाऱ्यावरच्या एका डॅमसेलला पोमासेंट्रस सिंडेन्सिस असं नाव दिलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पुढे ॲलन यांनी 1975 मध्ये काढलेल्या निओपोमासेंट्रस प्रजातीत तो गेला आणि डे यांचं नाव कंसात आलं. मालवणला स्नॉर्केलिंग करताना पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेले मासे घोळक्याने अंगाजवळ येतात, तेही डॅमसेलच, अबुडेफडफ प्रजातीचे. त्यातली एक जाती, अबुडेफडफ बेंगालेन्सिस, ब्लॉखने 1787 मध्ये कीटोडॉन म्हणूनच नोंदवली होती. पुढच्या वेळी पाण्यात उतराल तेव्हा फोटो बाजूने, पर उघडे असताना काढा. पट्टे किती, कुठून कुठवर, आणि शेपटीच्या मुळाशी डाग आहे का, एवढं दिसलं तरी मासा कोणता ते बहुतेक वेळा सांगता येतं.